न वाचता येणारा कायदा

गोरेगाव म्हटले की मुंबई-वसईकडील आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे पश्चिम रेल्वेचे स्थानक उभे राहील. आम्ही ज्या गोरेगावाविषयी लिहीत आहोत ते महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला, गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. हा मुलूख मालगुजारी तलावांचा आणि धानाचा. येथे शेताला वावर म्हणण्यापेक्षा बांधी म्हणतात, लावणीला रोवणी म्हणतात, आणि वर्ष चांगले गेले की नाही हे दिवाळीनंतर कापणी-मळणी उरकल्यावर खळ्यावरच्या राशीकडे पाहून ठरते. अशा ठिकाणी बसून संगणकशास्त्रातील एका अवघड प्रश्नाचा विचार करावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु तो प्रश्न आज शहरातील प्रयोगशाळेपेक्षा या बांध्यांनाच अधिक भिडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

प्रश्न असा : एखाद्या निर्णयाचे कारण सांगता येत नसेल, तर तो निर्णय बरोबर असूनही न्याय्य म्हणता येईल काय?

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून आधी दोन हिशेब वाचकांपुढे ठेवतो. पहिला हिशेब आधारभूत धान खरेदी केंद्रावरचा. या भागात पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्या वतीने ही केंद्रे चालतात. तेथे धान घ्यायचे की परत पाठवायचे याचे निकष केंद्र सरकारने छापून दिलेले आहेत. ओलावा १७ टक्क्यांहून अधिक नको. माती-खडे १ टक्क्याच्या आत, काडीकचरा १ टक्क्याच्या आत. अपक्व व सुरकुतलेले दाणे ३ टक्क्यांच्या आत. हलक्या प्रतीच्या धानाची भेसळ ६ टक्क्यांच्या आत. या निकषांवरून केंद्रावर वाद होतात, क्वचित भांडणेही होतात. काट्यावर शंका घेतली जाते, ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर शंका घेतली जाते. परंतु वाद घालणाऱ्या दोघांनाही कशावरून वाद घालायचा हे ठाऊक असते. ग्रेडरने १९ टक्के ओलावा म्हटले, तर शेतकरी मूठभर धान पुढे करून ‘पुन्हा मोजा’ असे म्हणू शकतो. त्याच्या हातात धान असते आणि डोक्यात नियम असतो. न्यायाला लागणारी सामग्री एवढीच.

दुसरा हिशेब पीक विम्याचा. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसानभरपाईचे गणित शाळेतल्या मुलाला करता येईल इतके सरळ आहे. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी घ्यावी. तिला जोखीमस्तराने, म्हणजे समजा ७० टक्क्यांनी गुणावे. येणारा आकडा हे उंबरठा उत्पन्न. यंदाचे उत्पन्न त्याहून जितक्या प्रमाणात कमी, तितक्या प्रमाणात विमा रक्कम मिळावी. सरासरी हेक्टरी ३० क्विंटल असेल तर उंबरठा २१ चा. यंदा १४ क्विंटल पिकले तर तूट ७ ची, म्हणजे एक तृतीयांश. भरपाईही विमा रकमेच्या एक तृतीयांश.

यंदा किती पिकले हे कसे ठरते? फार वर्षांपासून ते पीक कापणी प्रयोगाने ठरत आले आहे. महसूल, कृषी आणि जिल्हा परिषद या तीन खात्यांचे कर्मचारी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखतात, त्यातील पीक कापतात, झोडतात, वजन करतात. या प्रयोगांविषयी तक्रारी पुष्कळ. प्रयोग कागदावरच झाला, चांगली बांधी पाहून चौकोन आखला, दबावाखाली आकडा फिरवला, असे आरोप शेतकरीही करतात आणि विमा कंपन्याही करतात. प्रत्येक पक्ष अर्थातच उलट दिशेचा. यावर उपाय म्हणून २०२३ च्या खरिपापासून केंद्र सरकारने भात व गहू या पिकांसाठी तंत्रज्ञानावर आधारित उत्पन्न-अंदाजाची पद्धत आणली आणि अंतिम आकड्यात त्या अंदाजाला किमान ३० टक्के भार दिला. उपग्रहाची चित्रे, रडारच्या लहरी, पाऊस-तापमानाच्या नोंदी यांवरून हा अंदाज बांधला जातो. त्यासाठी मान्य केलेल्या पद्धतींत पीकवाढीची शास्त्रीय गणिते आहेत, तशीच यंत्रशिक्षणाची, म्हणजे मशीन लर्निंगचीही आहेत.

आता हिशेब पुन्हा करू, थोडा सोपा करून. कापणी प्रयोगात १४ क्विंटल आले आणि यंत्राने २४ सांगितले. पहिल्याला ७० टक्के, दुसऱ्याला ३० टक्के भार : ९.८ अधिक ७.२, म्हणजे १७. तूट आता ७ ची नाही, ४ ची. भरपाई ३३ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आली. शेतकऱ्याने विचारावे, यंत्राने २४ का म्हटले? येथे मात्र ‘पुन्हा मोजा’ म्हणायला मोजण्याजोगे काही नसते. धान विकून झालेले, तणस गुरांनी खाल्लेले, आणि उपग्रह आपल्या कक्षेत पुढे गेलेला.

यंत्राची बाजूही मांडली पाहिजे. समजा प्रयोगाचा आकडा कोणी हात राखून २२ लिहिला, म्हणजे उंबरठ्याच्या वर, आणि भरपाई शून्यावर आणली. यंत्र मात्र १४ सांगते. मिळून आकडा १९.६ होतो आणि थोडी का होईना, तूट उघडी पडते. यंत्राला कोणाचा काका-मामा नाही, त्याला चहापाणी लागत नाही. म्हणून यंत्र नकोच, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणाऱ्यांनी कापणी प्रयोगाचे जुने दिवस आठवून पाहावेत.

आमचे म्हणणे कारणाविषयी आहे. यंत्रशिक्षणाच्या पद्धतीत माणूस यंत्राला नियम शिकवीत नाही. हजारो शेतांची मागील चित्रे आणि त्या शेतांचे प्रत्यक्ष उत्पन्न त्याच्यापुढे ठेवली जातात, आणि त्यांतला संबंध यंत्र स्वतः शोधते. तो संबंध शेवटी हजारो, कधी लाखो अंकांच्या जाळ्यात साठतो. तो नियमच असतो. कारण तेच चित्र दिले तर तेच उत्तर येते. पण तो कोणत्याही मानवी भाषेत लिहिलेला नसतो. ज्याने यंत्र बांधले त्यालाही तो वाचता येत नाही. या विद्येतले लोक अशा यंत्राला ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतात. आपण बंद पेटी म्हणू.

झाडीपट्टीतील धानाच्या बाबतीत ही पेटी काय शिकू शकते याची कल्पना करून पाहा. वरून दिसतो तो हिरवेपणा, आणि रडारला कळते ते पाणी व झाडोरा. परंतु हिरवे ते सगळे धान नसते, रोवणी मागे पडलेल्या बांधीत तणही तितकेच हिरवे असते. लोंबीच्या मानेवर करपा पडला तर पाने हिरवी राहतात आणि दाणे पोचट निघतात. खोडकिड्याने पोखरलेल्या धानात पांढऱ्या लोंब्या ताठ उभ्या असतात. भरलेली लोंबी झुकते, हे शेतकऱ्याला बांधावरून दिसते, आकाशातून दिसणे कठीण. शिवाय बांध्या लहान. दहा गुंठ्यांची बांधी म्हणजे दहा मीटरचा ठिपका टिपणाऱ्या उपग्रहाला जेमतेम दहा ठिपके, आणि त्यांतही बांधावरचे झाड आलेच. पेटीने हे सगळे ओळखायला शिकले असेलही. पण ते ओळखले, की ‘ऑक्टोबरात हिरवे म्हणजे भरपूर’ एवढेच शिकली, हे पेटी न उघडता सांगता येत नाही.

यंत्राची अशी चुकीची समजूत नुसती कल्पना नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत न्यूमोनियाच्या रोग्यांपैकी कोणाला अधिक धोका आहे हे यंत्राकडून ठरवून घेण्याचा एक प्रयत्न झाला. कमी धोका असलेल्यांना घरी उपचार द्यावेत, अधिक असलेल्यांना रुग्णालयात ठेवावे, असा हेतू. अनेक पद्धती पडताळल्या. त्यांत मेंदूच्या पेशीजाळ्याच्या धर्तीवरची बंद पेटी सर्वांत अचूक ठरली. त्याच माहितीवर दुसऱ्या एका संशोधकाने मात्र वाचता येतील असे नियम काढणारी पद्धत चालविली होती. त्या नियमांत एक नियम असा निघाला की, रोग्याला दमा असेल तर न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी. कोणताही डॉक्टर हे ऐकून दचकेल. खोलात गेल्यावर कारण कळले. दम्याच्या रोग्याला न्यूमोनिया झाला की त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवीत, त्याच्यावर शर्थीचे उपचार होत, आणि म्हणून असे रोगी वाचत. माहिती खोटी नव्हती. पण तिच्यावर विसंबून दम्याच्या रोग्यांना घरी पाठविले असते तर ते दगावले असते. अधिक अचूक असलेल्या पेटीनेही हेच शिकले असणार, फक्त ते दिसत नव्हते. रिच करुआना हे त्या पेटीचे कर्ते. त्यांनीच ती रोग्यांवर वापरू नये असे सांगितले. त्यांची भीती दम्यापुरती नव्हती, दम्यासारखे आणखी काय आत दडले असेल, याची होती. हा सगळा प्रसंग त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१५ साली पुन्हा सविस्तर मांडला.

आमच्या मते या विषयावर जितके लिहिले गेले त्यात एवढ्या मोलाचे दुसरे उदाहरण नाही. वाचता येणारा नियम शोभेसाठी नव्हता. तो वाचता आला म्हणून माणसे वाचली असती, आणि तो न वाचता आला तर अचूकतेच्या पदकासह ती मेली असती.

तर मग पेटीतून नियम बाहेर काढता येतील काय? या खटपटीला तीस वर्षे झाली. त्याआधी, १९७० च्या दशकात, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ नावाचा वैद्यकीय सल्ला देणारा संगणकी कार्यक्रम तयार झाला होता. त्याला ‘का?’ असे विचारले तर तो आपण लावीत असलेला नियम दाखवी; कारण त्याचे नियम माणसांनीच लिहून दिलेले होते. यंत्र स्वतः शिकू लागले आणि ही सोय गेली. १९९६ च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठातील मार्क क्रेव्हन आणि ज्यूड शॅव्हलिक यांनी एक युक्ती मांडली. पेटी फोडण्याच्या भरीस पडायचे नाही. तिला प्रश्न विचारीत सुटायचे. असे शेत असेल तर किती? पाऊस असा पडला तर किती? खऱ्या शेतांबरोबर कल्पनेतलीही हजारो शेते तिच्यापुढे ठेवायची, उत्तरे टिपून घ्यायची, आणि त्या उत्तरांशी जुळेल असा ‘जर-तर’चा वृक्ष उभा करायचा : जर सप्टेंबरात पाऊस इतक्याहून कमी, आणि बांधीत पाणी इतके दिवस नाही, तर उत्पन्न एवढे. मितभाषी सासऱ्याचा स्वभाव नवी सून ज्या रीतीने ओळखते, तीच ही रीत. तो काही समजावून सांगत नाही. पण कशाला हो म्हणतो, कशाला नाही, हे पाहत पाहत घराचे नियम तिला कळतात.

अशा काढलेल्या नियमांची पारख दोन गोष्टींवर होते. ते पेटीशी किती प्रामाणिक आहेत ही एक, आणि माणसाला किती समजतात ही दुसरी. आणि येथेच पेच आहे, कारण या दोन्ही गोष्टी बहुधा एकमेकींच्या आड येतात. पाच ओळींचे नियम शेतकऱ्याला समजतील, पण शंभरातील ऐंशी उत्तरांशीच जुळतील. पाचशे ओळींचे नियम अठ्ठ्याण्णव उत्तरांशी जुळतील, पण ते वाचणार कोण?

समजा, बरीच खटपट करून असे सुटसुटीत नियम मिळाले की ते शंभरातील पंचाण्णव वेळा पेटीशी जुळतात. शास्त्रज्ञाला हे पुष्कळ वाटेल. परंतु शंभर मेंढरांच्या कळपातल्या नव्याण्णवांना सोडून एका मेंढराच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट संत लूकच्या शुभवर्तमानात वाचून वाढलेल्या आपणांस उरलेल्या पाचांचा प्रश्न पडलाच पाहिजे. त्या पाच शेतकऱ्यांना आपण जे कारण सांगू ते खोटे असेल. पेटीने त्यांना भलत्याच कारणाने नाकारले आणि आपण त्यांच्या हातात छापील, समजणारे, समाधान करणारे, पण खोटे कारण ठेवले. कारण न सांगणे हा अन्याय. खोटे कारण सांगणे हा अन्यायावर असत्याचा साज. अमेरिकेतील संशोधिका सिंथिया रुडिन यांनी २०१९ साली याच अंगाने कडक शब्दांत बजावले : माणसांच्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या निर्णयांसाठी बंद पेट्यांची स्पष्टीकरणे देत बसू नका, मुळातच वाचता येतील अशी यंत्रे बांधा. काढलेले नियम पेटीशी पूर्ण जुळत असतील तर पेटीची गरज काय, आणि जुळत नसतील तर त्यांना तिचे कारण म्हणायचे कसे? हा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटतो, निदान जेथे भाकरीचा प्रश्न आहे तेथे.

न्यायाच्या बाजूने पाहू लागलो की आमच्या विदर्भाचेच एक नाव पुढे येते. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. १९५१ साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी त्यांच्यापुढे हरला विरुद्ध राजस्थान राज्य हा खटला आला. हरला नावाच्या माणसाला जयपूर संस्थानच्या अफूविषयक कायद्याखाली ५० रुपये दंड झाला होता. रक्कम क्षुल्लक; प्रश्न मोठा. तो कायदा महाराज अज्ञान असताना कारभार पाहणाऱ्या मंत्रिमंडळाने १९२३ साली ठराव करून संमत केला होता, पण तो कधी राजपत्रात छापला नव्हता, कोणत्याही रीतीने लोकांना कळविला नव्हता. न्यायमूर्ती बोस यांनी निर्णय दिला की, ज्या कायद्याची माहिती लोकांना नव्हती, आणि प्रयत्न करूनही जी मिळण्याचा मार्ग नव्हता, त्या कायद्याखाली कोणाला शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. हरलाचा दंड रद्द झाला.

कॅथलिक वाचकाला यात ओळखीचा सूर ऐकू येईल. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात कायद्याची जी व्याख्या केली तिची चार अंगे आहेत : तो विवेकाने घातलेला क्रम असावा, त्याचा रोख सर्वांच्या हिताकडे असावा, समाजाची काळजी ज्याच्याकडे आहे त्याने तो घालून दिलेला असावा, आणि तो जाहीर झालेला असावा. चौथे अंग नुसती औपचारिकता नाही. माणूस विवेकशील प्राणी आहे. कायदा त्याला ओढून नेत नाही, त्याच्या विवेकापुढे येऊन उभा राहतो. गुराला काठी पुरते, माणसाला कारण लागते. जो नियम ऐकूच आला नाही त्याला मी मान्यताही देऊ शकत नाही आणि त्याच्याशी वादही घालू शकत नाही. मी फक्त त्याच्याखाली चिरडला जाऊ शकतो.

बंद पेटीतील नियम हा जयपूरच्या त्या कायद्यासारखाच आहे, किंबहुना त्याहून एक पायरी पुढे. जयपूरचा ठराव निदान कोणाच्या तरी कपाटात होता आणि कोणी तरी तो वाचू शकत होते. हा नियम कोणीच वाचलेला नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. त्याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत असे बंधन आहे. अर्ज करणाऱ्याला कागद देता येतील. पण जे कारण कोणत्याही कागदावर उतरलेलेच नाही ते कसे देणार?

याची किंमत काय असते ते शेजारच्या तेलंगणाने पाहिले आहे. तेथे लाखो शिधापत्रिका रद्द झाल्या. संगणकाने जुळविलेल्या माहितीवरून, नोटीस न देता, घरी जाऊन न पाहता त्या रद्द केल्या, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०२२ साली न्यायालयाने सुमारे १९ लाख रद्द पत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करण्यास सांगितले. दरम्यान ज्या घरांतील तांदूळ बंद झाला त्यांना कोणता नियम आपल्या आड आला हे कोणी सांगितले असते, तर निम्मे तरी तलाठ्याकडे कागद घेऊन गेले असते.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घ्यावा लागेल, आणि तो घेणारा सामान्य माणूस नाही. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी एकोणिसाव्या शतकात आग्रहाने सांगितले की, माणसाची खरी विचारशक्ती त्याच्या शब्दांत मांडलेल्या युक्तिवादाहून मोठी असते. आपण पुष्कळ गोष्टी बरोबर ओळखतो आणि कारण सांगू गेलो की अडखळतो. कसलेला गिर्यारोहक कडा चढतो, पण कसा चढला हे शिकवू शकत नाही. गोरेगावचा म्हातारा शेतकरी धानाचा दाणा दाताखाली धरून कट्‌ असा आवाज ऐकतो आणि धान वाळले की नाही सांगतो. तुम्ही त्याला नियम विचारा, तो हसेल. वैदूला, सुईणीला, जुन्या न्यायाधीशालाही पुष्कळदा एवढेच सांगता येते की ‘मला असे वाटते’. माणसाला जर आपण एवढी सूट देतो तर यंत्राला का नाही?

आम्ही या आक्षेपावर बराच विचार केला. उत्तराचा एक भाग असा : म्हाताऱ्याला कारण सांगता आले नाही तरी त्याला आणखी एक दाणा देता येतो, दुसरी रास दाखविता येते, ‘परवा तर तुम्ही वेगळे म्हणालात’ असे म्हणता येते. तो ओशाळतो, पुन्हा पाहतो. त्याच धानाचा भात त्याच्याही ताटात येणार असतो. म्हणजे त्याच्या न सांगता येणाऱ्या ज्ञानामागे सांगता येणारा, बोलावता येणारा, उत्तरदायी असा माणूस उभा असतो. पेटीमागे असा कोणी नाही. कंपनी म्हणते, आकडा यंत्राचा. यंत्र बांधणारा म्हणतो, यंत्र आपणच शिकले. अधिकारी म्हणतो, वरून आले. न्यूमन यांनी गौरविलेले मौन हे जाणत्याचे मौन होते. हे मौन जबाबदारी कोणाचीच नसल्याचे आहे.

उत्तराचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या परंपरेत सल्ला आणि आज्ञा यांत भेद करतात. सल्ला घेणाऱ्याला स्वातंत्र्य असते, म्हणून तो देणाऱ्याने प्रत्येक वेळी कारण दिलेच पाहिजे असे नाही. पानाचे छायाचित्र पाहून हा करपा आहे असे मोबाइलमधल्या यंत्राने सांगितले, तर शेतकरी चार पाने आणखी पाहील, कृषी सहायकाला विचारील, फवारणी करील किंवा करणार नाही. येथे पेटी बंद असली तरी बिघडत नाही. फळावरून झाडाची पारख होते. परंतु तेच यंत्र ‘तुझे उत्पन्न २४ क्विंटल’ असे म्हणते आणि ते न मानण्याची मुभा शेतकऱ्याला नसते, तेव्हा ते सल्ला देत नाही, आज्ञा करते. आज्ञेला कायद्याच्या कसोट्या लागू होतात. दाणा चावणारा म्हातारा सल्लागार आहे. खरेदी केंद्राने मात्र त्याच्या दातावर विसंबून धान परत पाठविले असते तर आम्हीही छापील १७ टक्क्यांची मागणी केली असती.

रोममध्ये याची जाणीव बरीच आधी झाली, याचे आम्हांस समाधान आहे. २८ फेब्रुवारी २०२० रोजी पोपमहोदयांच्या जीवनविषयक अकादमीने मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि इटलीचे सरकार यांच्यासह एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यातील सहा तत्त्वांमध्ये पहिले पारदर्शकतेचे : यंत्राचे वागणे समजावून सांगता आले पाहिजे. १४ जून २०२४ रोजी जी-सात राष्ट्रांच्या परिषदेत पोप फ्रान्सिस यांनी निर्णयाची जागा माणसाकडेच राहिली पाहिजे असे सांगितले. आणि पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये निवड झाल्यावर दोनच दिवसांनी कार्डिनलांपुढे आपल्या नावाचे कारण देताना १८९१ च्या श्रमिकविषयक परिपत्रकाची आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची सांगड घातली. तेरावे लिओ यांना गिरणीचा भोंगा ऐकू आला होता. चौदावे लिओ ज्या आवाजाविषयी बोलत आहेत तो आवाज करीत नाही, हीच अडचण.

तत्त्वे मान्य झाली तरी गोरेगावच्या ग्रामसभेत ती कशी उतरावीत? पेटीतून काढलेले नियम टाकाऊ आहेत असे आम्ही वर म्हटलेले नाही. ते निकालपत्र म्हणून चालणार नाहीत, पण तपासनीस म्हणून उत्तम चालतील. करुआनांच्या दम्याच्या नियमाचे काम तेच होते. हंगामापूर्वी पेटीतून असे नियम काढावेत, ते मराठीत लिहावेत, आणि धान ओळखणाऱ्या चार माणसांपुढे वाचावेत. ‘ऑक्टोबरात हिरवे म्हणजे भरपूर’ असा नियम निघाला तर ती माणसे तेथल्या तेथे सांगतील, साहेब, तुडतुडा लागतो तो त्याच सुमारास, आणि मानेचा करपा तर हिरव्यातच असतो. वेधशाळेतील तज्ज्ञाला जे दहा वर्षांत कळणार नाही ते दहा मिनिटांत कळेल. मग ज्या आकड्याने भरपाई ठरते तो आकडा मात्र वाचता येईल अशाच गणिताने काढावा, थोडी अचूकता गेली तरी. किती अचूकता सोडावी, हा प्रश्न उरतो, आणि तो आमच्याने सुटलेला नाही. दर हेक्टरी अर्धा क्विंटल चुकणारा पण समजणारा नियम आम्ही निःशंकपणे घेऊ. पाच क्विंटल चुकणारा घ्यावा काय, हे आम्ही त्या शेतकऱ्यालाच विचारू.

विमाक्षेत्रातील लोक यावर शेवटचा एक मुद्दा काढतात. नियम उघडा केला की लोक नियमाप्रमाणे वागून लबाडी करतील. पेटी बंद आहे म्हणूनच ती सुरक्षित आहे. लबाडी करणारे असतात, हे खरे. पण उपग्रहाला फसविण्यासाठी एका शेतकऱ्याने आपली बांधी पिवळी पाडली, तरी विमा एका बांधीचा ठरत नाही, सबंध मंडळाचा ठरतो. आणि सबंध मंडळाने मिळून पिकाचा नाश करावा, अशी लबाडी आम्ही तरी ऐकलेली नाही. खरेदी केंद्राचा अनुभव तर उलटाच आहे. १७ टक्क्यांची मर्यादा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून केंद्रावर नेण्याआधी लोक धान खळ्यावर आणखी दोन दिवस पसरतात, संध्याकाळी दव पडण्यापूर्वी गोळा करून झाकतात, सकाळी ऊन चढल्यावर पुन्हा पसरतात, आणि पोती भरण्यापूर्वी एक दाणा दाताखाली धरून पाहतात.